परतीच्या वाटेवरचा आवाज

नामसंकीर्तनाच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात बहुधा शांत असते. आधी नुसता तंबोरा, मग झांजेचा एखादा हलका ठोका, मग गुरुवंदनाचा श्लोक. मृदंग आणि साथीदारांचा गजर भरून यायला बराच वेळ लागतो. दक्षिणेतल्या या भजनपरंपरेत मराठी अभंगही मानाने गायले जातात. तिच्या आद्य गुरूंपैकी एक, श्रीधर वेंकटेश अय्यावाळ, हे कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर असलेल्या तिरुविसनल्लूरचे. हे गाव मराठी वाचकाला परके वाटू नये. व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे, यांनी १६९३ साली ते चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिले आणि गावाला शहाजीराजपुरम असे नाव मिळाले. कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला अय्यावाळांच्या मठातल्या विहिरीत गंगा अवतरते, या श्रद्धेने आजही लोक तिथे स्नानाला जमतात, आणि अशा प्रवासात गाडीत भजन लागलेले असणे अगदी स्वाभाविक आहे. समजा, अशाच एका गाडीतला कंपनीचा सेट काढून बाजारातला नवा स्टिरिओ बसवला आहे, आणि डिकीत एक ॲम्प्लिफायरही. तंबोरा सुरू होतो आणि त्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. गजर सुरू झाला की ती झाकली जाते, पुढच्या शांत जागी पुन्हा हजर होते. या प्रकरणाचा विषय ही शिट्टी आणि नव्या स्टिरिओबरोबर येणारे तिच्यासारखे इतर दोष हा आहे.

अशा वेळी गाडीचा मालक दुकानात परत जातो आणि तिथे खरेदीची एक मालिका सुरू होते. आधी फिल्टर बसवला जातो, मग आरसीए केबल महागातली घेतली जाते, मग स्पीकर बदलतात, आणि शेवटी सेटच खराब निघाला असे ठरवून दुसरा सेट येतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. नवा स्टिरिओ बसवल्यावर येणारे आवाजाचे बहुतेक दोष सेटमध्येही नसतात आणि स्पीकरमध्येही नसतात. ते जोडणीत असतात, आणि जोडणीतही विजेच्या परतीच्या वाटेत, म्हणजे गॅरेजच्या भाषेत अर्थिंगमध्ये, सर्वांत जास्त असतात. शिवाय दोष कोणत्या वाटेने शिरला आहे हे तो आवाज स्वतःच सांगत असतो. कधी येतो, कशाबरोबर बदलतो आणि काय काढले की थांबतो, एवढे तीन प्रश्न नीट विचारले तर पैसे खर्च करण्याआधीच निदान होते.

परतीची वाट म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करायला हवे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेली वीज दिव्यातून, पंख्यातून किंवा स्टिरिओतून जाऊन निगेटिव्हला परत यावी लागते, नाहीतर काहीच चालत नाही. जायची वाट सर्वांना दिसते: रंगीत वायर, फ्यूज, कपलर. परतीसाठी मात्र गाडीत बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसतेच. प्रत्येक उपकरणाची काळी वायर जवळच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते आणि गाडीची पोलादी बॉडी हीच सर्वांची सामाईक परतीची वाट असते. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, इंधनाचा पंप, इंजिनाचा संगणक या सगळ्यांची वीज याच पत्र्यातून वाहत असते. पत्रा कितीही जाड असला तरी त्याला आणि त्याच्या वेल्डिंगच्या जोडांना थोडा विरोध असतोच, आणि विरोधातून वीज वाहिली की दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो. म्हणून डॅशबोर्डमागचा पत्रा आणि डिकीतला पत्रा हे दोन्ही ‘शून्य व्होल्ट’ आहेत हे केवळ सोयीचे गृहीतक आहे. प्रत्यक्षात त्यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक असतो आणि तो सतत हलत असतो. दिव्याला त्याचे काही वाटत नाही, पण काही मिलिव्होल्टचे संगीत वाहून नेणाऱ्या तारेला फार वाटते.

हा फरक हलवणारा मुख्य घटक म्हणजे अल्टर्नेटर. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब साधारण १२.६ व्होल्ट असतो, आणि इंजिन चालू झाले की अल्टर्नेटर तो साधारण १४ व्होल्टपर्यंत नेतो. अल्टर्नेटरमध्ये तीन फेजची प्रत्यावर्ती वीज तयार होते आणि सहा डायोड तिची एकदिश वीज करतात. ती पूर्ण सपाट कधीच होत नाही, तिच्यावर बारीक लाटा राहतात. बारा ध्रुवांचा रोटर असेल तर एका फेऱ्यात प्रत्येक फेजची सहा आवर्तने होतात आणि प्रत्येक आवर्तनामागे सहा लाटा उठतात, म्हणजे फेऱ्यामागे छत्तीस. इंजिन ८०० फेऱ्यांवर आयडलिंगला आहे आणि पुलीमुळे अल्टर्नेटर त्याच्या अडीचपट फिरतो असे धरले, तर अल्टर्नेटरच्या मिनिटाला २००० फेऱ्या होतात, सेकंदाला तेहतीस, आणि लाटा सुमारे १२००. गाडी २४०० फेऱ्यांवर धावू लागली की याच लाटा सेकंदाला ३६०० होतात. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. अल्टर्नेटरची शिट्टी नेमकी तिथेच चढत जाते, म्हणूनच ती इतकी सूक्ष्म असूनही इतकी बोचते.

या हिशेबातून संगीत ऐकणाऱ्या कानाला पुरेशी अशी एक चाचणी निघते. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, नुसता तंबोरा लावावा आणि इंजिन ८०० वरून हळूहळू १६०० फेऱ्यांवर न्यावे. फेऱ्या दुप्पट झाल्या की लाटाही दुप्पट होतात, म्हणजे शिट्टी बरोबर एक सप्तक वर जाते. तंबोऱ्याचा षड्ज मात्र जागचा हलत नाही. असे झाले तर आवाज अल्टर्नेटरचा आहे यात शंका उरत नाही. पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीचा आवाज वेगळा असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, आयडलिंगला सेकंदाला सव्वीस-सत्तावीस, त्यामुळे तिथे शिट्टी न येता दाट टकटक किंवा खरखर येते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे खरखर आली तर पंप, पंखा, चार्जर यांच्याकडे बघावे. इंजिनाच्या वेगाशी काहीच संबंध नसलेला, ब्लोअर लावला की येणारा किंवा इंडिकेटरबरोबर टिकटिकणारा आवाज त्या त्या उपकरणाचे नाव सांगूनच येतो. कोणतेही यंत्र न लावता, नुसत्या ऐकण्यातून, अर्धे काम इथे झालेले असते.

गाडीतल्या रेडिओला जितकी वर्षे झाली तितकीच या भांडणालाही झाली आहेत. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला मोटोरोला असे नाव दिले. त्या काळातली मोठी अडचण गाडीच्या स्वतःच्या विजेची होती: ठिणगी आणि जनरेटर यांच्या खरखरीत कार्यक्रम बुडून जाई. त्यावर उपाय निघाले तेही गाडीतच निघाले. ठिणगीच्या वाटेत रोधक घातले, जनरेटरवर कपॅसिटर बसवले, तारांवर धातूचे कवच चढवले आणि इंजिन, बॉनेट व बॉडी एकमेकांना नीट जोडली. त्या कामात सहभागी असलेला एल्मर वेव्हरिंग हा तंत्रज्ञ पुढे मोटारीच्या अल्टर्नेटरच्या विकासातही अग्रभागी होता, ही नोंद मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्याला रेडिओ शांत करायचा होता त्याला गाडीचा वीजपुरवठाच समजून घ्यावा लागला.

आता डिकीतल्या ॲम्पकडे येऊ, कारण तिरुविसनल्लूरच्या वाटेवरच्या आपल्या कल्पित गाडीत गडबड तिथे सुरू होते. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे आहे, ॲम्पचा अर्थ डिकीत तीन-चार मीटर मागे. त्या दोघांना संगीत पोहोचवणारी आरसीए केबल जोडते. या केबलच्या आत एक तार असते आणि तिच्याभोवती विणलेले कवच असते, आणि हे कवच दोन्ही टोकांना आपापल्या यंत्राच्या अर्थाशी जोडलेले असते. म्हणजे परतीला आता दोन वाटा झाल्या: एक पत्र्यातून, दुसरी आरसीएच्या नाजूक कवचातून. दोन अर्थबिंदूंमध्ये जो मिलिव्होल्टचा फरक हलत असतो, तो आता कवचातून वीज ढकलतो आणि संगीताच्या बेरजेत जाऊन बसतो. ॲम्पला हे संगीत आणि ही लाट यांतला भेद कळत नाही. तो दोन्ही सारखेच मोठे करतो. यालाच अर्थचे वेटोळे म्हणता येईल. स्टिरिओच्या आरसीएतून भरात २ व्होल्ट येतात असे धरा आणि वेटोळ्यातून २ मिलिव्होल्ट. गजर चालू असताना संगीत गोंगाटाच्या हजारपट, ६० डेसिबलने मोठे आहे. कोणालाही काही ऐकू येणार नाही. पण सुरुवातीचा तंबोरा त्या गजरापेक्षा ४० डेसिबलने हळू असेल, तर त्याच्या आणि शिट्टीच्या मध्ये फक्त २० डेसिबल उरतात. म्हणूनच दुकानात धडाकेबाज गाणे लावून दाखवलेली जोडणी निर्दोष वाटते आणि घरी परतताना भजन लावल्यावर दोष उघडा पडतो. जोडणी तपासायची तर शांत ध्वनिमुद्रणावरच तपासली पाहिजे.

हे खरोखर वेटोळ्याचेच काम आहे याचा सर्वांत चोख पुरावा एका साध्या प्रयोगातून मिळतो. स्टिरिओ आणि ॲम्प बंद करून ॲम्पला लागलेली आरसीए काढावी आणि तिथे एक मोबाइल फोन जोडावा, मात्र तो फोन स्वतःच्या बॅटरीवर चालत असला पाहिजे, गाडीच्या चार्जरला लावलेला नको. इंजिन तेच, ॲम्प तोच, स्पीकर तेच, डिकीतला अर्थ तोच. नाहीशी झाली ती फक्त दुसरी परतीची वाट. शिट्टी थांबली तर ॲम्प, स्पीकर आणि त्यांच्या तारा निर्दोष ठरल्या. आता तोच फोन गाडीच्या यूएसबी चार्जरला जोडावा. पुष्कळ गाड्यांत त्याच क्षणी गुणगुण किंवा शिट्टी परत येते, कारण चार्जरने फोनला पुन्हा पत्र्याशी बांधले. चार्जिंगला लावलेला फोन ऑक्स वायरने स्टिरिओला जोडला की आवाज खराब होतो आणि ब्लूटूथवर तो स्वच्छ होतो, या रोजच्या अनुभवाचे कारणही हेच. फोनमध्ये किंवा सेटमध्ये तिथे काहीच बिघडलेले नसते.

उपाय कुठे करायचा हे यावरून ठरते. पहिले काम ॲम्पच्या अर्थचे. त्याची काळी वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि जितकी आखूड तितकी चांगली असावी, आणि ती बॉडीच्या उघड्या पोलादावर बसावी. सीटच्या किंवा ट्रिमच्या हाताशी येणाऱ्या स्क्रूखाली ती दाबून मोकळे होऊ नये, कारण त्या स्क्रूखाली रंग असतो आणि रंग वीज नेत नाही. रंग घासून काढावा, लग दाबून बसवावी, दातेरी वॉशर घालावा, आणि जोड पूर्ण झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावावा. हे शेवटचे काम कावेरीच्या खोऱ्यात विशेष महत्त्वाचे आहे. त्या भागातला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो, कार्तिगै अमावास्याही त्याच दिवसांत पडते, आणि समुद्र फार दूर नसल्याने हवा वर्षभर दमट असते. उघडा ठेवलेला जोड अशा हवेत गंजतो आणि पहिल्या महिन्यात शांत असलेली गाडी पुढच्या पावसाळ्यानंतर शिट्टी घालू लागते. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांनाही हे तितकेच लागू आहे.

जोड चांगला की वाईट हे डोळ्यांनी ठरवू नये, आणि मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवरही ठरवू नये. ओहम मोजताना मीटर फार थोडी वीज सोडतो. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो शून्याजवळचा आकडा दाखवतो. खरी परीक्षा भाराखाली होते. इंजिन चालू ठेवावे, हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत, संगीत चालू ठेवावे, आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरे ॲम्पच्या काळ्या टर्मिनलला लावावे. मग तेच स्टिरिओच्या धातूच्या पेटीला लावून बघावे. फरक ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर जोड ठीक. त्याहून जास्त असेल तर त्या वाटेवर कुठेतरी विरोध आहे, आणि तो बॅटरीपासून बॉडीकडे जाणाऱ्या मूळ पट्ट्यातही असू शकतो, जो स्टिरिओ बसवणाऱ्याने कधी बघितलेलाच नसतो. वायरची जाडीही याच मोजणीत उघडी पडते. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पाच मीटर वायरीतून ४० अँपिअर खेचले तर सुमारे ०.८६ व्होल्ट वाटेतच जातात. १० चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ०.३४. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर जाड आवरणात स्वस्तात मिळते. तिचा विरोध शुद्ध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो आणि आवरणाच्या जाडीवरून तो कळत नाही. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीजवळच, अर्ध्या मीटरच्या आत, फ्यूज असलाच पाहिजे. हा मुद्दा आवाजाचा नसून आगीचा आहे, म्हणून त्यावर चर्चाही नको.

इथे एक रास्त आक्षेप येतो: ‘कंपनीचा सेट याच गाडीत वर्षानुवर्षे शांत वाजत होता. गाडीचे अर्थिंग वाईट असते तर तेव्हाही शिट्टी आली असती. म्हणजे दोष नव्या सेटचाच.’ हा तर्क वरवर बिनतोड वाटतो, पण त्यात बदललेल्या गोष्टींची मोजणी अपुरी आहे. जुन्या सेटबरोबर त्याचा कपलर होता, कंपनीच्या अभियंत्याने निवडलेला अर्थबिंदू होता, आणि ॲम्प सेटच्या पोटातच असल्याने दुसरा अर्थबिंदू नव्हताच. वेटोळे व्हायला दोन बिंदू लागतात. नव्या जोडणीने दुसरा बिंदू आणला, कपलर कापून पिळलेल्या वायरी आणल्या, आणि बहुधा आरसीए व बॅटरीची जाड वायर पायदाणाखाली एकाच नळीतून शेजारी शेजारी नेली. गाडी शांत होती कारण तिच्यातला दोष ऐकवणारी वाटच नव्हती. याच आक्षेपाचे जास्त अवघड रूप असे: ‘आम्ही सेट बदलला आणि शिट्टी खरोखर गेली, मग?’ असे घडते, आणि त्याचे एक कारण माहीत असलेले बरे. काही सेटमध्ये आरसीएच्या कवचाला अर्थाशी जोडणारा अगदी बारीक फ्यूजसारखा भाग असतो. चालू यंत्रात आरसीए काढली-घातली किंवा ॲम्पचा अर्थ सुटला, तर ॲम्पची सगळी परतीची वीज क्षणभर त्या कवचातून वाट काढते आणि तो भाग जळतो. त्यानंतर तो सेट मोठ्याने शिट्टी घालतो. नवा सेट आणला की ती जाते हे खरे, पण जुना सेट जळला तो अर्थिंगमुळे. अर्थ दुरुस्त न करता बसवलेला दुसरा सेटही त्याच वाटेने जाऊ शकतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. दोन-चारशे रुपयांच्या फिल्टरने काम होत असेल तर एवढी खटपट कशाला? फिल्टरांचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची मर्यादा वेगळी आहे. पॉझिटिव्ह वायरीत बसवायचा चोक पॉझिटिव्हवरून येणारी लाट दाबतो. अर्थच्या वेटोळ्यातून येणारी लाट त्या वाटेने येतच नाही, तेव्हा चोक कितीही चांगला असला तरी शिट्टी तशीच राहते, आणि मग ‘फिल्टरने काही होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आरसीएत बसवायचा आयसोलेटर वेटोळे खरोखर तोडतो, कारण त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि संगीत तारेच्या थेट जोडणीशिवाय पलीकडे जाते. पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरच्या छोट्या गाभ्यातून खालचे स्वर नीट जात नाहीत. मृदंगाचा डावा हात अशक्त झाला तर त्या बदल्यात मिळालेली शांतता मला महाग वाटते. निदानासाठी आयसोलेटर उत्तम आहे: तो लावताच आवाज गेला तर वेटोळे सिद्ध झाले, मग तो काढून ठेवावा आणि अर्थ दुरुस्त करावा. क्वचित, नवीन गाड्यांत कंपनीची वायरिंग उघडता येत नाही किंवा उघडली तर वॉरंटीचा प्रश्न येतो, तिथे चांगल्या प्रतीचा आयसोलेटर कायमचा ठेवणे समजण्यासारखे आहे.

काही वेळा मात्र लाट खरोखर प्रमाणाबाहेर मोठी असते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीच्या दोन खांबांमध्ये मोजावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अल्टर्नेटरचा एखादा डायोड गेला असण्याची शक्यता मोठी, आणि गाडी स्टिरिओवाल्याकडे न नेता ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावी. स्टिरिओने तिथे बिघाड केलेला नसतो, आधीच असलेला बिघाड ऐकवलेला असतो.

शिट्टीशिवायचे दोषही पुष्कळदा परतीच्या वाटेच्या गैरसमजातूनच येतात. आजच्या सेटमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारांना स्वतंत्र ॲम्प ढकलत असतो. दोन्ही तारांवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, सहा-सात व्होल्टचा दाब असतो. स्पीकरची ‘निगेटिव्ह’ तार म्हणजे अर्थ नव्हे. जुन्या गाड्यांमध्ये स्पीकरची एक बाजू बॉडीला जोडण्याची पद्धत होती. ती वायरिंग तशीच ठेवून नवा सेट लावला, किंवा दाराच्या बिजागरीत घासलेली तार पत्र्याला टेकली, तर सेट स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो, किंवा जळतो. खर्ज हरवणे हा आणखी एक हमखास दोष. सेटच्या तारांपैकी पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या, जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. काळी रेघ असलेली तार निगेटिव्ह. एका बाजूला हे उलट जोडले गेले की एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खालचे स्वर एकमेकांना खोडून टाकतात. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर तारांना टेकवून पडदा बाहेर येतो की आत जातो ते बघितले तर हे मिनिटात कळते. पण बहुतेक ठिकाणी आधी मोठा वूफर विकत घेतला जातो.

आवाज वाढवल्यावर तो फाटतो, याचा दोष मात्र जोडणीपेक्षा खोक्यावरच्या आकड्याकडे जास्त जातो. ‘४ गुणिले ५० वॅट’ हा आकडा कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. १४.४ व्होल्टचा पुरवठा आणि ४ ओहमचा स्पीकर असेल तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५१.८ वॅट, पण ही शक्ती पूर्ण चौकोनी झालेल्या, म्हणजे पूर्ण फाटलेल्या लाटेची आहे. न फाटलेल्या लाटेला याच पुरवठ्यातून निम्मीच, सुमारे २६ वॅट मिळू शकते, आणि यंत्रातला क्षय धरला तर वीसच्या आसपास. म्हणून आवाज तीन-चतुर्थांशापुढे नेल्यावर फाटला तर सेट बिघडलेला नाही. त्याची मर्यादा आली आहे. डिकीत ॲम्प असेल तर स्टिरिओचा आवाज त्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवून मग ॲम्पचा गेन हळूहळू वाढवावा. उलटे केले, स्टिरिओ हळू आणि गेन पूर्ण उघडा, तर वाटेतला प्रत्येक मिलिव्होल्ट गोंगाट होऊन ऐकू येतो.

एफएमची तक्रार वेगळी आहे आणि लवकर मिटते. कुंभकोणमच्या आसपास तिरुचिरापल्लीची केंद्रे रस्त्याने नव्वद-शंभर किलोमीटरवर आणि कारैकालचे आकाशवाणी केंद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, म्हणजे लहरी मुळातच क्षीण. पुष्कळ गाड्यांत अँटेनाच्या बुडाशी एक छोटा ॲम्प असतो आणि त्याला सेटच्या निळ्या वायरीतून वीज लागते. ती वायर मोकळी सोडली की केंद्रे नाहीशी होतात. ती जोडलेली असूनही खरखर असेल तर स्वस्त यूएसबी चार्जर किंवा डॅशकॅम काढून बघावा. दर वेळी गाडी बंद केल्यावर घड्याळ आणि केंद्रे पुसली जात असतील तर कायम चालू राहणारी पिवळी आणि चावीबरोबर चालू होणारी लाल वायर यांची अदलाबदल झाली आहे. यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

राहिला तो शेवटचा आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप: काही सेट खरोखरच खराब असतात. असतात. स्वस्त अँड्रॉइड सेटमध्ये आतला वीजपुरवठा इतका काटकसरीने बनवलेला असतो की तो स्वतःच्याच पडद्याचा गोंगाट संगीतात मिसळतो. पण हे सिद्ध करायला अंदाजाची गरज नाही. सेट गाडीतून काढावा, टेबलावर ठेवावा, गाडीशी काहीही संबंध नसलेल्या १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीला फ्यूज घालून जोडावा, पिवळी आणि लाल दोन्ही पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला, आणि एका ४ ओहमच्या स्पीकरवर तोच शांत तंबोरा लावावा. इथे पत्रा नाही, अल्टर्नेटर नाही, दुसरा अर्थबिंदू नाही. इथेही सूंऽऽ असा आवाज किंवा खरखर आली तर दोष निःसंशय सेटचा आहे, आणि वॉरंटीच्या मुदतीत तो बदलून मागताना दुकानदारासमोर हीच जोडणी मांडून दाखवता येते. टेबलावर सेट स्वच्छ वाजला, तर तो परत गाडीत बसवण्याआधी डॅशबोर्डमागची काळी वायर कोणत्या बोल्टखाली आहे आणि त्या बोल्टखाली रंग आहे का, ते बघावे.